वारं आणि कोक

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या आमच्या गॅरेजमध्ये जुनी वर्तमानपत्रे पसरून त्यांवर मी तो ब्लोअर ठेवला, तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते आणि कोल्हापुरात दुसऱ्या दिवशीची सकाळ होऊन आप्पा चहाची कपबशी घेऊन खुर्चीत बसले होते. फोन धरून मी त्यांना ती वस्तू सगळ्या बाजूंनी दाखवली. दीड वितीचे ॲल्युमिनियमचे धूड, पुढे नाकासारखा निमुळता भाग, त्यावर पट्ट्याची पुली आणि पोटात एकमेकांत गुंतलेले, पीळ दिलेले दोन रोटर. पुली हाताने फिरवली तशी दोन्ही रोटर एकमेकांना चाटून गेल्यासारखे फिरले. प्रत्यक्षात ते एकमेकांना कधीच शिवत नाहीत, केसभर अंतर राखून फिरतात. आप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "आरं, ह्यो तर आमचा ब्लोअर हाय की! गाडीला कशाला लावायलायस?"

आप्पांनी एकतीस वर्षे शिवाजी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत क्युपोला भट्टीपाशी, म्हणजे लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीपाशी काढली, त्यामुळे त्यांची चूक झाली नव्हती. मोटारींच्या जगात ज्याला रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा भरणारा पंप म्हणतात, ते यंत्र मोटारीपेक्षा जुने आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाच्या गावी रूट्स नावाच्या दोन भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणीसाठी पाण्यावर चालणारे चाक सुधारताना त्यांना ही दोन रोटरांची जोडी सुचली आणि पाण्यापेक्षा हवा ढकलायला ती अधिक बरी आहे हे लक्षात आल्यावर १८६० साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. ओतकामाच्या भट्ट्यांना वारा घालणे हे तिचे पहिले महत्त्वाचे काम ठरले. लोहाराच्या भात्याची ती थोरली, लोखंडी बहीण. गॉटलीब डाइमलर यांनी इंजिनात दाबाखाली हवा भरण्याच्या कल्पनेचे पेटंट १८८५ साली घेतले आणि मर्सिडीजच्या सुपरचार्जर लावलेल्या गाड्या १९२१ साली प्रदर्शनात दाखवल्या गेल्या. तोवर हा भाता साठ वर्षे मुख्यतः भट्ट्यांपाशी होता.

गाडी म्हणजे १९९३ सालची माझदा मियाटा. दोन माणसांची, उघड्या टपाची, वजन जेमतेम हजार किलो आणि इंजिन १.६ लिटरचे, ११६ अश्वशक्तीचे. १९९३ चीच हवी म्हणून मी आठ महिने थांबलो होतो, कारण १९९१ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, पुढचे टोक आखूड असे आणि पुलीचा बोल्ट जरा ढिला राहिला की तिथली चावीची खाच खाऊन जाई. ब्लोअरचा सगळा ताण त्याच टोकावर येणार होता. शिक्षणाने मी सांगलीचा मेकॅनिकल इंजिनिअर आणि पोटासाठी गेली अठरा वर्षे कोड लिहितो. हाताला वंगण लागावे एवढीच या उद्योगामागची प्रामाणिक प्रेरणा होती, हे आधीच सांगून टाकतो. ११६ अश्वशक्ती त्या गाडीला पुरत होती.

आप्पांना मी समजावून सांगितले की इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो खरे, पण त्याची खरी अडचण हवेची असते. पेट्रोल हवे तेवढे सोडता येते; एक भाग पेट्रोल जाळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते आणि ती हवा पिस्टन खाली जाताना आपोआप जेवढी आत शिरेल तेवढीच मिळते. १.६ लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला फार तर ०.८ लिटर हवा ओढते. माझ्या हातातला ब्लोअर ईटन कंपनीचा एम ४५. त्याच्या नावातला आकडा म्हणजे एका फेऱ्यात तो ढकलत असलेली हवा, ४५ घनइंच, आपल्या मापात सुमारे ७४० घनसेंटिमीटर. पुल्यांच्या व्यासांतल्या फरकामुळे तो इंजिनाच्या दीडपट वेगाने फिरणार, म्हणजे इंजिन ०.८ लिटर मागत असताना त्याच्या तोंडात १.१ लिटर कोंबणार. जास्तीची हवा कुठेतरी मावली पाहिजे, ती दाबली जाते, आणि दाबमापकावर सहा पीएसआय दिसू लागतात.

आप्पांनी हे सगळे ऐकून घेतले आणि बशीत चहा ओतता ओतता एकच प्रश्न विचारला. "वारं वाढवलंस. कोक किती वाढवलास?"

हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने अगदी रोजचा होता. क्युपोलात खालून कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, वर बीड आणि चुनखडी, पुन्हा कोक असे थर रचलेले असतात आणि ट्वीयरमधून, म्हणजे भट्टीच्या अंगातल्या नळ्यांमधून, वारा येतो. निळ्या काचेच्या झरोक्यातून आप्पा आतला रंग बघत आणि त्यावरून ब्लोअरचा दामटा, म्हणजे वाऱ्याची झडप, किती उघडायचा ते ठरवत. कोक तेवढाच ठेवून वारा वाढवला तर भट्टी तापायच्या ऐवजी गार होते आणि लोखंड वितळण्याबरोबर जळूही लागते; ओतलेला माल पुढे लेथवर गेला की त्याची लक्षणे दिसतात. म्हणून त्यांच्याकडे वारा आणि कोक हे दोन शब्द नेहमी जोडीनेच येत.

माझ्या गाडीत कोकाचा बंदोबस्त काहीसा गावठी होता. त्या काळच्या मियाटात हवा मोजण्यासाठी एक झडप असते. हवा जसजशी जास्त वाहते तसतशी ती झडप उघडत जाते आणि तिच्या कोनावरून गाडीचा संगणक पेट्रोल ठरवतो. ब्लोअर लावल्यावर वरच्या वेगांत ती झडप पूर्ण उघडून भिंतीला टेकते. त्यापुढे कितीही जास्त हवा आली तरी संगणकाच्या लेखी ती आलेलीच नसते. १९८०-९० च्या दशकांतल्या या संगणकाला काही नवे शिकवणेही सोपे नाही. म्हणून ब्लोअर बसवण्याच्या अशा जुन्या संचांत एक यांत्रिक तोडगा असे: पेट्रोलचा दाब ठरवणारा असा एक रेग्युलेटर, की जो हवेचा दाब एक घर वाढला की पेट्रोलचा दाब कित्येक घरे वाढवतो. इंजेक्टर तेवढ्याच वेळ उघडतो, पण त्यातून पिचकारी जोरात येते. डोळे बांधलेल्या आचाऱ्याच्या हातात मोठा डाव द्यावा तसा हा प्रकार, पण बेतशीर दाबापर्यंत तो काम करतो.

उष्णतेचा हिशेब मात्र मला स्वतःला बसून करावा लागला, आणि तो केल्यावर माझा उत्साह थोडा उतरला. सहा पीएसआय म्हणजे वातावरणाच्या दाबात सुमारे ४१ टक्के वाढ. ऐकणाऱ्याला वाटते की ४१ टक्के जास्त हवा, म्हणजे ४१ टक्के जास्त ताकद. पण हवा दाबली की तापते; सायकलच्या पंपाचे बूड हाताला चटका देते ते याचमुळे. आदर्श यंत्रात ३० अंशांची हवा एवढ्या दाबाला सुमारे ६१ अंशांवर जाईल. रूट्स ब्लोअर आदर्श नाही. तो हवा आत कुठे दाबत नाही, नुसती एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला फेकतो आणि दाब बाहेर गर्दी झाल्यामुळे निर्माण होतो. त्याची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर हवा ८७ अंशांपर्यंत जाते. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे वजनाने पाहिले तर वाढ ४१ ऐवजी १९ टक्क्यांच्या आसपास उरते. शिवाय ब्लोअर फिरवायला लागणारी शक्ती इंजिनाकडूनच घेतली जाते, ती ६००० फेऱ्यांना माझ्या हिशेबाने आठ-नऊ अश्वशक्ती होते. विक्रेत्यांच्या पत्रकांतले आकडे आणि हा कागद यांत जी दरी आहे, तिच्यात पुष्कळ लोकांचे पैसे पडलेले आहेत.

त्यातून आमच्या संचात ब्लोअरची जागा एक्झॉस्टच्या बाजूला, म्हणजे लाल होणाऱ्या नळ्यांच्या थेट वर. एअर फिल्टर त्या बाजूला असल्याने आणि तिथेच काय ती जागा मोकळी असल्याने हे असे झाले असावे. मियाटावाले लोक या रचनेला गरम बाजू म्हणतात आणि नंतर निघालेल्या, इनटेकच्या बाजूच्या संचांना थंड बाजू. मी गरम बाजूचा संच घेतला, कारण तो जुना मिळाला, स्वस्त मिळाला आणि मुख्य म्हणजे त्यावर कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असलेली पट्टी शाबूत होती. या राज्यात उत्सर्जनावर परिणाम करणारा, मूळ रचना बदलणारा सुटा भाग लावायचा तर त्याला असा क्रमांक लागतो. दर दोन वर्षांच्या स्मॉग तपासणीत बॉनेट उघडून तो बघितला जातो. कोल्हापूरचा माझा भाचा त्याच्या गाडीला असे काही करता येईल का म्हणून विचारत होता. त्याला मी सांगितले की आपल्याकडच्या मोटार वाहन कायद्याचे गाडीतल्या फेरबदलांविषयीचे कलम ५२ आधी वाचून काढ आणि मग त्या पैशांत चांगले टायर घे.

बसवायला तीन शनिवार-रविवार लागले. त्यांचे वर्णन करण्यासारखे फार नाही. एक बोल्ट तुटला, पट्टा दोनदा उलटा बसला, शेजारच्या आजोबांनी दोनदा येऊन १९६० च्या दशकात मालट्रकच्या डिझेल इंजिनांवरचे ब्लोअर काढून लोक आपल्या गाड्यांवर कसे चढवत ते सांगितले. चौथ्या रविवारी गाडी सुरू झाली आणि पट्ट्याने जोर घेतल्यावर बॉनेटखालून एक बारीक, वर चढत जाणारा सूर आला. ज्यांचे बालपण पिठाच्या गिरणीसमोर गेले त्यांना तो ओळखीचा वाटेल.

पहिले दोन आठवडे मजेत गेले. पॅडलवर पाय अर्धा दाबला की दोन हजार फेऱ्यांपासूनच गाडी पुढे झेपावत असे. टर्बोसारखी वाट पाहावी लागत नाही, कारण ब्लोअर पट्ट्याने इंजिनाला बांधलेला असतो. शांतपणे चालवताना एक बायपास झडप उघडी राहते आणि हवा ब्लोअरभोवतीच घुटमळत राहते, म्हणून इंधनही फारसे जास्त लागत नव्हते. मी पंपावर ९१ ऑक्टेनचे पेट्रोल भरत होतो; ऑक्टेन म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची पेट्रोलची क्षमता. भारतातल्या साध्या पेट्रोलचा आकडाही बरीच वर्षे ९१ होता, पण मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने कॅलिफोर्नियातले ९१ हे तिकडच्या ९५-९६ च्या तोडीचे पडते.

मग जुलैच्या एका दुपारी, ३६ अंश उन्हात, मी सॅन होजेहून माउंट हॅमिल्टनचा रस्ता धरला. लिक वेधशाळेचे सामान घोडागाड्यांनी वर न्यायचे होते म्हणून १८७६ साली तो बांधला. त्याला वळणे अगणित, पण चढ करूळ घाटाच्या मानाने फारच मवाळ. वर १२८३ मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा तेरा-चौदा टक्के कमी असतो, साधी गाडी तिथे दमते. माझी दमणार नाही हे मला स्वतःलाच दाखवायचे होते. एका सरळ तुकड्यावर चौथ्या गिअरमध्ये, अडीच हजार फेऱ्यांवर, मी पॅडल पूर्ण दाबले. ब्लोअरचा सूर वर गेला, आणि त्याच्याखाली डब्यात मूठभर शेंगदाणे हलवावेत तसा एक आवाज आला. सेकंदभर, फार तर दोन. पाय काढला, आवाज थांबला.

तो आवाज काय आहे हे पुस्तकातून मला माहीत होते. सिलिंडरमध्ये ठिणगीपासून सुरू झालेली ज्वाला पसरत जाते. पण कोपऱ्यात उरलेले मिश्रण आधीच फार दाबलेले, फार तापलेले असेल तर ते ज्वालेची वाट न बघता एकदम पेटते, आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा दाब येतो. मूळ इंजिनाचे आकुंचन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, ९.४ ला १. त्यावर ४१ टक्के दाबाची भर घातली की ढोबळ हिशेबाने ते १३ च्या पुढे जाते. नव्या गाड्यांत असे ठोके ऐकणारा सेन्सर असतो आणि संगणक लगेच ठिणगी मागे घेतो. माझ्या गाडीत तसा सेन्सर नाही. ऐकणारा फक्त मी होतो.

उतारावर एका वळणाच्या कडेला गाडी तासभर उभी केली. घरी येऊन प्लग काढले. तीन ठीक होते. चौथ्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड उडाल्यासारखे ठिपके होते, आणि भिंगाखाली धरल्यावर त्या काळ्या ठिपक्यांत दोन चमकणारे कण दिसले. पोह्यांत राहून गेलेल्या मोहरीच्या सालीपेक्षाही लहान. ते ॲल्युमिनियमचे होते, म्हणजे पिस्टनचे. त्या दोन कणांकडे मी किती वेळ बघत बसलो ते सांगण्यात अर्थ नाही.

पुढचे चार दिवस मी कोक शोधत होतो. पेट्रोलचा पंप तपासला, फिल्टर बदलला, रेग्युलेटरची नळी बघितली, दाबमापक लावून दाब मोजला. सगळे बरोबर. पेट्रोल हवे त्याहून थोडे जास्तच येत होते, आणि ते योग्यच होते: आप्पांच्या भट्टीच्या उलट इथे जास्तीचे इंधन आच कमी करते, कारण ते वाफ होताना उष्णता शोषते, म्हणून भर दाबाखाली १४.७ ऐवजी १२ च्या आसपासचे मिश्रण देतात. मग वारा, इंधन, ऑक्टेन सगळे जागेवर असताना ठोके का?

आप्पांना सांगितले. त्यांनी इंजिनाबद्दल काही विचारले नाही. त्यांनी विचारले, "तुझ्या आधी ती गाडी कुणाकडं हुती?"

मला प्रश्नाचा रोख कळला नाही. तेव्हा त्यांनी सांगितले की फाउंड्रीत पाळी बदलली की कोणी वाऱ्याला हात लावायच्या आधी आत किती थर चढलेत आणि आधीच्या माणसाने दामटा कुठे सोडलाय ते बघायचे, असा दंडक होता. कारण जाणारा माणूस आपल्या परीने काहीतरी जमवून गेलेला असतो आणि ते लिहून ठेवत नाही.

त्या रात्री मी टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा पडते ते दाखवणारा दिवा, काढली. या मियाटाचे टायमिंग बघणे सोपे आहे: बॉनेटखालच्या निदान पेटीत टेन आणि ग्राउंड अशी दोन टोके तारेने जोडायची, म्हणजे संगणक आपली लुडबुड थांबवतो, मग पहिल्या सिलिंडरच्या वायरला चिमटा लावून, इंजिन साडेआठशे फेऱ्यांवर गुरगुरत असताना, पुलीवरच्या खुणेवर लाइट मारायची. खूण पट्टीवरच्या १० अंशांपाशी दिसायला हवी, म्हणजे पिस्टन माथ्यावर पोचायच्या १० अंश आधी ठिणगी पडते. ती १६ च्या जवळ थरथरत उभी होती.

आधीच्या मालकाने ठिणगी सहा अंश लवकर करून ठेवली होती. त्याचा त्यात काही दोष नव्हता. ब्लोअर नसलेल्या मियाटात चार-सहा अंश पुढे घेतले की गाडी जरा तरतरीत होते, ही फुकटातली युक्ती मियाटावाल्यांत सर्वांना ठाऊक आहे. कारखान्याने तिथे थोडी जागा सोडलेली असते: खराब पेट्रोल मिळेल, उन्हाळा असेल, कोणी चौथ्या गिअरमध्ये घाट चढवेल, यासाठी. त्या माणसाने ती जागा आधीच वापरून टाकली होती, आणि मी तीच जागा दुसऱ्यांदा वापरायला निघालो होतो. संचाबरोबरच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर टायमिंग तपासण्याची सूचना होती. मी ती वाचलीही होती. पण बॉनेटखाली सगळे मूळचेच दिसत होते, कारखान्याची रंगीत स्टिकरेही जागच्या जागी होती, म्हणून इंजिन मूळ अवस्थेत आहे असे मी धरून चाललो. तीस वर्षांत चार-पाच हातांतून गेलेले इंजिन मूळ अवस्थेत असते कुठे? प्रत्येकाने काहीतरी जमवलेले असते.

सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला असलेल्या सेन्सरचा बोल्ट ढिला करून मी तो किंचित फिरवला. खूण हळूहळू सरकत १० वर आली. सगळ्या कामाला तीन आठवडे आणि या कामाला दहा मिनिटे.

या निमित्ताने मला बेंटलीची गोष्ट पुन्हा आठवली. डब्ल्यू. ओ. बेंटली यांना आपल्या साडेचार लिटरच्या इंजिनावर सुपरचार्जर चढवण्याची कल्पना मुळीच मान्य नव्हती. ताकद हवी तर इंजिन मोठे करा, असे त्यांचे म्हणणे. टिम बर्किन या शर्यतवीराने तरीही अॅम्हर्स्ट व्हिलियर्स यांच्याकडून रूट्स पद्धतीचा ब्लोअर बनवून घेऊन तो रेडिएटरच्या पुढे लावला. ११० अश्वशक्तीचे इंजिन शर्यतीच्या गाडीत २४० पर्यंत गेले. १९३० च्या ल माँ शर्यतीत बर्किनच्या ब्लोअर गाडीने मर्सिडीजला दमवले खरे, पण शर्यत पूर्ण केली नाही, आणि जिंकली ती बेंटलींच्याच मोठ्या इंजिनाची, ब्लोअर नसलेली स्पीड सिक्स. आज किंमत मात्र ब्लोअरवाल्या गाडीला जास्त आहे. माझे मन दोन्ही बाजूंना ओढले जाते: हिशेब बेंटलींचा बरोबर वाटतो आणि गॅरेजमध्ये मात्र मी बर्किनच्या बाजूला उभा असतो.

ऑगस्टमध्ये त्याच रस्त्यावर, तशाच उन्हात, त्याच सरळ तुकड्यावर पुन्हा चौथ्या गिअरमध्ये पॅडल दाबले. खिडक्या उघड्या, रेडिओ बंद. ब्लोअरचा सूर आला, त्याखाली काही नव्हते. घरी येऊन प्लग काढले. चारही बदामी, स्वच्छ. चौथा नवा घातला होता, जुना मी टाकून दिलेला नाही.

आप्पांना आवाज ऐकवायचा म्हणून दुसऱ्या दिवशी फोन बॉनेटजवळ धरला आणि बायकोला गाडीत बसवून फेरे वाढवायला सांगितले. आप्पा बराच वेळ कान देऊन बसले आणि शेवटी म्हणाले, "काय बी ऐकू येईना. गाडी चालू हाय काय?" फोनमधली प्रणाली तो एकसुरी आवाज गोंगाट समजून गाळून टाकत होती. एकतीस वर्षे ज्या आवाजावर त्यांनी भट्टी चालवली, तो यंत्राच्या मते गाळण्यासारखा होता. मग मी वेगळे रेकॉर्डिंग करून पाठवले. सकाळी उठलो तर त्यांचा बारा सेकंदांचा निरोप येऊन पडला होता.

"ब्लोअर बरा हाय. पट्टा ढिला वाटतोय, वर जाताना घसरतोय बघ."

कामावर जायच्या आधी बॉनेट उघडले. पट्ट्याच्या आतल्या दोन रेघांवर काचेसारखी चकाकी आली होती. ताणाचा बोल्ट पाऊण फेरा आवळला, पाना पुसून जागेवर ठेवला आणि त्यांना पट्ट्याचा फोटो पाठवला.